मित्रकीटकांची खोली

शेवटी उर्वशीला खोली मिळाली. स्लॅबची, निळ्या रंगाची, आतून कडी लागणारी, वर पंखा अन् खिडकीत कूलर असलेली. मिळाली आणि ती राहायलाही आली. पण हे इतक्यात कोणाजवळ बोलायचं नाही. असं काही झालंच नाही, असंच धरून चालायचं. कारण जो माणूस या खोलीपायी जीव टाकून फिरत होता, त्या गौतमला तरी भादव्यापर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं.

मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात, तिगावच्या पलीकडे सागाच्या जंगलाला पाठ टेकून खैरीटोला बसलाय. गौतमचं घर गावाच्या अगदी शेवटी. कवेलूचं छप्पर, एक ओसरी, एक रांधायची खोली. त्यात नत्थूजीनं, म्हणजे गौतमच्या बापानं, पोराच्या लग्नासाठी मागच्या अंगाला स्लॅबची खोली काढली. विटा स्वतः वाहिल्या. दाराला लोखंडी कडी बसवली तेव्हा ती चार वेळा लावून काढून पाहिली. त्या घरात आतून बंद होणारं ते पहिलंच दार होतं.

वैशाखात मोहगावच्या उर्वशीशी गौतमचं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, नवरीची पेटी निळ्या खोलीत गेली. मृग लागायच्या आत नाकेदार प्रकाश घरी आला. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा तो माणूस, ज्याला बघून लाकडाची मोळी आपोआप खाली ठेवली जाते. या वेळी मात्र त्यानंच चपला बाहेर काढल्या, तेव्हाच नत्थूजीला शंका आली.

"सागाले जाळी लागणार आहे, नत्थूजी," प्रकाश म्हणाला. "दरसाल लागते. अळी पानाची नुसती चाळणी करून टाकते. पण यंदा वरून हुकूम आहे, औषध नाही फवाराचं. किड्यानं किडा माराचा."

"मारा न," नत्थूजी म्हणाला. "आमी कोणाच्या बाजूनं नाई."

"मारणारे किडे ठेवाले खोली पाह्यजे. स्लॅबची, सावलीची, करंट असलेली. गावात तुमचीच रिकामी आहे."

"रिकामी कोठं? पोट्ट्याचं लगन झालं आत्ताच."

"म्हणजे दिवसा तर रिकामीच न?"

याचं उत्तर नत्थूजीला आठ दिवसांनी सुचलं, तोवर उर्वशीची पेटी ओसरीत आली होती. खरं तर पंचफुलाबाईनं, गौतमच्या आईनं, हो म्हटलं म्हणूनच झालं. किडे वाढवायचं हे मित्रकीटक केंद्र चालवायचं काम तिला मिळणार होतं. जन्मभर ती लोकांच्या कापसाच्या पऱ्हाटीत निंदायला वाकली होती. हे काम सावलीत, बसून होतं.

"खोली परत कवा?" गौतमनं विचारलं.

"प्रादुर्भाव संपला का त्याच दिवशी," प्रकाश म्हणाला.

प्रादुर्भाव हा शब्द गावात पहिल्यांदाच आला होता. तो किती दिवस मुक्काम करतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पंचफुलाबाईनं रेंज ऑफिसात दोन दिवस बसून काम शिकून घेतलं. जंगलातल्या अळीची पाकोळी, म्हणजे पतंग, सागाच्या पानाखाली अंडी घालते. एक गांधीणमाशी असते, पण अशी की डोळ्यात गेली तरी कळत नाही. ती त्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग आतून अळीऐवजी माशीच निघते. ही माशी वाढवायची तर तिला अंडी पाहिजेत. जंगलात कोण अंडी वेचत बसणार? म्हणून डब्यात भरडलेली ज्वारी घालून त्यावर धान्यातली पाकोळी वाढवायची, तिची अंडी गोंदानं कार्डावर चिकटवायची, ती माशीला द्यायची, कार्ड काळं पडलं की फ्रिजात ठेवायचं आणि हप्त्याला जंगलात नेऊन पानांना टोचायचं.

"नातवाले दूध पाह्यजे म्हणून म्हैस ठेवाची, अन् म्हशीले कडबा टाकाचा," पंचफुलाबाई घरी येऊन म्हणाली. "तसंच आहे हे."

"आपल्या घरी नातू कोठं आहे?" नत्थूजी म्हणाला. "आधी म्हैसच आली."

नत्थूजी रोज सकाळी पंचशील म्हणायचा. जीव मारणार नाही, हे पहिलंच. केंद्र घरात आल्यावर तो ते जरा हळू म्हणायला लागला. पुढे त्यानं त्यावर विचार करून वाट काढली. "आपण कोणालेच मारत नाई," तो शेजारच्या मोतीरामला म्हणाला. "एकाच्या हातून दुसऱ्याले मारवतो. याले पाप नाई म्हणत. याले शासन म्हणते."

खोलीत डबे आले. फडताळावर डब्यांच्या रांगा, कोपऱ्यात फ्रिज, खिडकीत कूलर. पाकोळ्यांना फार ऊन चालत नाही. धूरही चालत नाही. त्यामुळे नत्थूजीची बिडी रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली गेली आणि फोडणी परसात गेली. जेठातल्या त्या शेवटच्या उन्हात नत्थूजी दुपारी खोलीच्या बाहेरून, कूलरच्या पाण्यानं भिंत ओली होते तिथं, पाठ लावून बसायचा. एक दिवस प्रकाशनं त्याला तिथूनही उठवलं.

"तुमच्या आंगाची गरमी भिंतीतून आत जाते, नत्थूजी."

नत्थूजी उठला. आपल्या अंगात अजून एवढी गरमी आहे, हे ऐकून त्याला थोडं बरंही वाटलं.

रात्री ओसरीत दोन भाग व्हायचे. मधे लुगड्याचा पडदा. एका बाजूला गौतम-उर्वशी, दुसऱ्या बाजूला नत्थूजी आणि पंचफुलाबाई. नत्थूजी अधूनमधून खोकायचा. त्याला खोकला नव्हता. आपण जागे आहोत हे पोरांना कळावं म्हणून तो सभ्यपणानं खोकायचा. झोप लागेल अशी भीती वाटली की जास्त खोकायचा.

आखाड लागला. नवी सून आखाडीला माहेरी जाते, तशी उर्वशी मोहगावला गेली. आखाड संपला, नागपंचमी गेली, राखी गेली. उर्वशी आली नाही. गौतमनं फोन केला.

"दार मोकळं झालं का?" तिनं विचारलं.

"दार तर आहेच न."

"आहे. पण दाराच्या आत कोण झोपते अन् बाहेर कोण?"

"थोडे दिवस आहे ते."

"मग थोडेच दिवस मी इथं आहे," उर्वशी म्हणाली आणि फोन ठेवला. ती बारावी शिकली होती. वाक्य कुठं संपवायचं हे तिला कळत होतं.

पंचफुलाबाई सकाळी उठून दुपट्टा नाकातोंडाला गच्च बांधायची आणि खोलीत शिरायची. डब्यांच्या झाकणाखाली रात्रीतून पाकोळ्या निघालेल्या असायच्या. काचेच्या नळीनं एकेक पाकोळी ओढून जाळीच्या बादलीत सोडायची. नळीचं दुसरं टोक रबरानं, दुपट्ट्याखालून, तोंडात. मधे मलमलीची चिंधी लावलेली असते, म्हणून पाकोळी तोंडात येत नाही. पण तिच्या पंखांची भुकटी येते. काम संपेस्तोवर पंचफुलाबाईच्या भुवया राखी रंगाच्या व्हायच्या आणि ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी बाहेर यायची. मग बराच वेळ खोकायची. हा खोकला खरा होता.

"सोडून दे न आई," गौतम म्हणायचा.

"निंदाले गेली तर काय खोकला येत नाई? पाठ जाते," ती म्हणायची. "अन् तिथं मले कोणी मॅडम म्हणत नाई. इथं प्रकाश म्हणते."

गौतमलाही खात्यानं त्याच कामात घेतलं होतं. हप्त्यातून दोनदा जंगलात जाऊन ठरलेल्या झाडांची ठरलेली पानं उलटून अळ्या मोजायच्या. श्रावणात सागाचं पान सुपाएवढं होतं आणि वरून पाणी गळत असतं. तो लांब आकड्यानं फांदी खाली ओढायचा, पान उलटायचा, तोंडावर पाणी घ्यायचा आणि मोजायचा. पहिल्यांदा पानं हिरवी होती. मग त्यांच्यावर खिडक्या पडल्या. मग नुसत्या शिरा उरल्या. पान असं दिसायचं की त्यातून पलीकडचा बैल ओळखू यावा. लांबून जंगल करपल्यासारखं तांबडं दिसायला लागलं. जाड सागाच्या बुंध्याला कान लावला की वरून बारीक काही गळल्याचा आवाज यायचा. तो पाऊस नसायचा. अळ्यांची लेंडी असायची.

गौतमला अळ्यांचा राग नव्हता. त्या संपाव्यात एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणून एका हप्त्याला त्यानं आकडा निम्मा करून सांगितला.

डिप्टी साहेब, म्हणजे प्रकाशच्या वरचे डिप्टी रेंजर, खूश झाले. "कमी होत आहे? म्हणजे कार्ड काम करत आहे. डबे वाढवा."

डबे वाढले. खोलीत मावेनात म्हणून एक फडताळ ओसरीत आलं.

गौतम घाबरला. पुढच्या हप्त्यात त्यानं आकडा दुप्पट सांगितला. डिप्टी साहेबांचं कपाळ आक्रसलं. "एवढ्या वाढल्या? मग डबे कमी पडत आहेत. वाढवा."

ओसरीत दुसरं फडताळ आलं. लुगड्याचा पडदा काढावा लागला, कारण आता त्याच्या मागे माणूस आडवा होईल एवढी जागाच राहिली नव्हती. नत्थूजीनं बाज उचलली आणि गोठ्यात नेली. गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू होतं. त्यांना कूलर नव्हता, म्हणून त्यांच्याशी नत्थूजीचं जमलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी गौतम मोहगावला गेला. पांढुर्ण्याला बस बदलली, सौंसरला बदलली. सासरी उर्वशीची धाकटी बहीण डिंपल दारात उभी होती.

"जय भीम, भाऊजी. किडे कसे आहेत?"

"बरे आहेत," गौतम म्हणाला.

"अन् तुमी?"

त्यावर तो आत गेला. उर्वशी तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. सासूनं चहा दिला आणि दोघांना बोलता यावं म्हणून ती शेजारी गेली. डिंपल मात्र गेली नाही.

"मले रात्री झोपेत अंगावर पाकोळ्या फिरल्यासारखं वाटायचं," उर्वशी म्हणाली. "इथं नाई वाटत."

"पोळ्यापर्यंत बघ. काईतरी करतो."

"काय करान?"

"करतो."

"तुमी मोजता अन् ते वाढते," उर्वशी म्हणाली. "तुमी मोजणंच सोडा."

डिंपल हसली. गौतमला ते लागलं, पण परतीच्या बसमध्ये तो त्याच्यावरच विचार करत बसला. कमी सांगितलं तरी डबे वाढले, जास्त सांगितलं तरी वाढले. मग आकडा बाजूला ठेवायचा. कार्डच जंगलात पोचलं नाही तर? अळ्या सगळा साग खातील, वरचे साहेब येतील, जंगल पाहतील, म्हणतील, हे केंद्र कुचकामी आहे, उचला. उचलतील. खोली मोकळी. साग काही मरत नाही. दर वर्षी पुन्हा पानं धरतो. लग्नाचं तसं नसतं.

कार्डं जाळून टाकली असती तर काम सोपं होतं. पण एकेका कार्डावर आईची सकाळ चिकटलेली होती. ते त्याच्यानं झालं नसतं. म्हणून त्यानं ती वाटायचं ठरवलं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला पंचफुलाबाई विहिरीवर गेली असताना त्यानं फ्रिज उघडला, हप्त्याची सगळी काळी कार्डं पिशवीत घेतली आणि त्यांच्या जागी वापरून झालेली जुनी ठेवली. मग गल्लीनं निघाला. पहिलं घर मोतीरामचं. मोतीराम कुणबी, संत्र्याचा बगीचा असलेला, आवाजानं मोठा. त्याची बायको पुष्पा अंगण सारवत होती.

"पुष्पाकाकू, हे घ्या. घरात टांगा. किडे येत नाई."

"खरंच का रे?"

"खात्याचं आहे."

"मग तर काई खरं नाई," पुष्पा म्हणाली, पण शेणाचा हात धुऊन तिनं दोन घेतली. फुकटची वस्तू गावात एकटी राहत नाही. अंधार पडायच्या आत पिशवी रिकामी झाली. शेवटच्या दोन घरांत तर भांडण लागलं की त्यांना जास्त अन् आमाला कमी कावून.

दुसऱ्या दिवशी पोळा. बैल सजले, तोरणाखाली उभे राहिले, सुटले. सांजेला घराघरांपुढं पळसाच्या फांद्या ठेवल्या गेल्या. त्यांना मेढे म्हणतात. रात्रभर घरातली रोगराई, किडे, ढेकूण, डास, काय असेल ते सगळं त्या मेढ्यांत येऊन बसतं, आणि सकाळी मारबत म्हणून ते गावाबाहेर फेकून यायचं असतं. नत्थूजीच्या दारी मेढा ठेवत नाहीत. दीक्षा घेतली तेव्हाच त्याच्या बापानं तो सोडला. त्यामुळे पुष्पाकाकूनं काय केलं हे गौतमला त्या रात्री दिसलं नाही. पुष्पाकाकूनं सरळ विचार केला होता. कार्ड किड्यांसाठी आहे. किडे मेढ्यात येणार. मग कार्ड मेढ्यालाच बांधायचं. तिचं पाहून सगळ्या गल्लीनं बांधलं.

सकाळी डफ वाजला. पोट्टे, बायामाणसं मेढे खांद्यावर घेऊन निघाली. "ढेकूण डास, खासी खोकला, घेऊन जाय गे मारबत," असा गलका. गावाची शीव म्हणजेच जंगलाची शीव. तिथं हद्दीच्या दगडी मुनाऱ्याजवळ डिप्टी साहेब प्रकाशला घेऊन उभे होते. वरचे साहेब पोळ्यानंतर जंगल पाहायला येणार होते, म्हणून डिप्टी साहेब सणाच्या दिवशीही गस्तीला आले होते. गौतम आणि पंचफुलाबाईला त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

"हे काय आहे?" डिप्टी साहेबांनी विचारलं.

"मारबत आहे साहेब," मोतीराम म्हणाला. "टाकतो अन् जातो."

"काय टाकता?"

"किडे."

डिप्टी साहेब जागेवर सरळ झाले. "हे राखीव वन आहे. इथं किडे टाकायला मनाई आहे."

"बापजाद्यापासून इथंच टाकतो."

"म्हणूनच. दरसाल तुम्ही गावातले किडे माझ्या जंगलात टाकता, आणि दरसाल वर जबाब मी देतो."

"मग टाकाचे कोठं?"

"गावात ठेवा."

"गावात ठेवाचे तर मारबत कायले काढाची, साहेब?"

"परवाना घ्या."

"ढेकणाचा परवाना कोण देते?"

"अर्ज करा, मग बघू."

डफवाला थांबला होता. मागून एका म्हातारीनं विचारलं की किडे खांद्यावर घेऊन किती वेळ उभं राहायचं, ते अंगात परत शिरतात. गर्दी पुढं सरकली. डिप्टी साहेबांनी ठाण्यात फोन लावला. ठाण्यात एकच शिपाई होता. बाकी सगळे पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, बंदोबस्तावर गेले होते. शिपायानं विचारलं, तुमच्याकडं दगड चालले आहेत का? साहेब म्हणाले, नाही, फांद्या. शिपाई म्हणाला, मग दगड चालले की कळवा.

तोवर पंचफुलाबाईची नजर मेढ्यांवर गेली. तिनं पुढं होऊन पुष्पाच्या फांदीवरचं कार्ड उलटून पाहिलं. मग गौतमजवळ आली.

"हे कोठून आले रे?"

"जुने आहेत आई. रिकामे."

"रिकाम्याले सुईसारखे भोकं असते. याले नाई." ती त्याच्याकडं बघत राहिली. "हप्त्याचे सगळे?"

तिच्या भुवया त्या सकाळीही राखीच होत्या.

नेमकं तेव्हाच डिप्टी साहेबांनाही कार्डं दिसली. "हे आपले कार्ड आहेत. गावाच्या हातात कसे आले?"

प्रकाशनं गौतमकडं पाहिलं. गौतमनं जमिनीकडं पाहिलं. पंचफुलाबाईनं पदर सारखा केला.

"लोकसहभाग आहे साहेब," ती म्हणाली.

हा शब्द तिनं ट्रेनिंगमध्ये ऐकला होता. त्याचा अर्थ तिला लागला नव्हता, पण तो म्हटला की साहेब लोक मान हलवतात, एवढं तिनं पाहून ठेवलं होतं. डिप्टी साहेबांनी मान हलवली. मग मोबाइल काढला. गावानं जंगलाच्या शिवेवर एका वेळी, डफ वाजवून, मित्रकीटक सोडणं, हे आसपासच्या कुठल्याच रेंजमध्ये झालं नव्हतं. त्यांनी मोतीरामला फांदी जरा उंच धरायला लावली. फोटो झाला. मग परवानगी झाली. सगळे मेढे एकदम जंगलात गेले. काही सागावरच अडकले आणि तिथंच राहिले.

घरी येताना पंचफुलाबाई एवढंच म्हणाली, "एका कार्डाले माहा केवढा दम लागते, तुले मालूम आहे."

"हो आई."

"मग मले सांगाचं होतं. मी नाई म्हटलं असतं, पण सांगाचं होतं."

त्यानंतर सहा-सात दिवस झड लागली. गौतम मोजायला गेला तेव्हा त्याला अळ्या दिसल्या, पण हालणाऱ्या नाहीत. पानाच्या शिरेला मागच्या पायांनी धरून, ओल्या वातीसारख्या उलट्या लोंबत होत्या. हात लावला की फुटून पातळ पाणी यायचं, वास यायचा. अंडी होती ती काळी पडली होती. साळुंक्या फांदीवरून फांदीवर चालत खात होत्या, उडायचेही कष्ट घेत नव्हत्या. पुढच्या खेपेला तर मोजायला काहीच नव्हतं. टोकाला कोवळी तांबूस पानं फुटत होती, आणि त्यावर एकही खिडकी नव्हती.

"दरसाल असंच होते," प्रकाश बिडी पेटवत म्हणाला. "लय वाढल्या का त्यांच्यात रोग पडते. झड आली का पसरते. आपोआप बसते."

"मग आपण काय केलं?"

"आपण होतो न इथं," प्रकाश म्हणाला.

गौतमला त्याचं काही वाटलं नाही. आकडा शून्य होता आणि या वेळी तो खरा होता. प्रादुर्भाव संपला. त्यानं घरी येऊन ओसरीतली दोन्ही फडताळं स्वतःच बाहेर काढली, नत्थूजीची बाज गोठ्यातून आणली. मोहगावला फोन करणार होता. पण खोली झाडून, दारासमोर उभं राहून करावा, असं त्याच्या मनात आलं. तेवढा उशीर झाला.

वरचे साहेब आले. जंगल हिरवं होतं. मारबतचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. नत्थूजीच्या ओसरीत बसून चहा घेतला आणि पंचफुलाबाईला दोनदा मॅडम म्हणाले. गौतम पुढं झाला.

"साहेब, कीड तर गेली. आता केंद्र उचलता न?"

"उचलायचं?" साहेबांना हसू आलं. "कीड ज्यानं घालवली तेच उचलायचं? आता तर ते कायम केलं पाहिजे."

आठवड्यात हुकूम आला. खैरीटोल्याचं केंद्र नमुन्याचं झालं. निळ्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली गेली. पाकोळ्यांवर पडणारी दुसरी एक गांधीण जंगलातून माणसाच्या कपड्यांवर येते आणि एका रात्रीत डबे साफ करते, म्हणून जंगलात काम करणाऱ्या कोणीही खोलीचा उंबरा ओलांडू नये, असं दारावर लागलं. आणि करंट जातो-येतो, फ्रिजवर लक्ष पाहिजे, म्हणून खोलीतच मुक्कामाला राहणारी एक बाई भरायची ठरली. बारावी झालेली. शक्यतो त्याच घरातली.

त्या घरातली बारावी झालेली बाई मोहगावला डाळ पाखडत होती. तिला हे पंचफुलाबाईनं कळवलं. गौतमला कोणीच कळवलं नाही. तो त्या दिवशी जंगलात होता.

तो सांजेला आला तेव्हा अंगणात ऑटो वळत होता. डिंपल पेटीचं एक टोक धरून होती, नत्थूजी दुसरं. उर्वशीनं तोंडाला दुपट्टा बांधला होता. तिनं गौतमकडं पाहिलं आणि डोळ्यांनी हसली. पेटी खोलीत गेली. गौतम मागोमाग उंबऱ्यापर्यंत आला.

"तिथंच," उर्वशी म्हणाली. "तुमी जंगलातून आले न?"

"मी रोजच जंगलातून येतो."

"मग रोजच तिथं."

"आंघोळ करून येतो."

"आंघोळीचं त्यात लिहिलं नाई. मी वाचलं," उर्वशी म्हणाली. तिनं दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला. एकदाच लावली, पण नीट बसली.

गौतम दाराबाहेरच थांबला. आत कूलर चालू झाला.

"उर्वशी."

"बोला."

"कशी आहे खोली?"

"गार आहे," ती आतून म्हणाली. मग दाराच्या अगदी जवळून, हळू आवाजात म्हणाली, "तुमी अर्ज करा न काईतरी."

ओसरीत आता भरपूर जागा होती. नत्थूजीनं त्याच्यासाठी बाजूला सरकून घेतलं आणि त्या रात्री तो एकदाही खोकला नाही. त्याची गरज नव्हती.

अर्ज हिंदीत द्यावा लागतो, तो प्रकाशनं लिहून दिला. मराठीत त्याचा मजकूर असा होता:

"महोदय, अर्जदार गौतम वल्द नत्थूजी, राहणार खैरीटोला, हा सदर केंद्राच्या बाहेर ओसरीत राहत असून केंद्रात मुक्कामास असलेल्या महिलेचा कायदेशीर नवरा आहे. केंद्रात जंगलात काम करणाऱ्या मनुष्यास मनाई आहे, हे अर्जदारास मान्य आहे. तरी अर्जदाराची निरुपद्रवी म्हणून तपासणी करून त्यास मित्रकीटकाचा दर्जा देण्यात यावा, व फक्त रात्रपाळीपुरते, प्रायोगिक तत्त्वावर, सदर खोलीत सोडण्यात यावे. अर्जदार ज्वारी खाणार नाही, बिडी ओढत नाही व उजेडाकडे झेप घेत नाही. प्रयोगाचे परिणाम दिसून आल्यास कार्यालयास वेळेवर कळवण्यात येतील. करिता विनंती."